दप्तर कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं: वाचनालयाच्या संगणकीय कागदपत्रांच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

काम आजपासून रीतसर सुरू. कार्यकारी मंडळाचा ठराव असा: वाचनालयाचं १९९६ पासूनचं सगळं संगणकीय दप्तर एका जागी आणायचं, वाचता येईल अशा अवस्थेत आणायचं, आणि पुढे ते कोणत्या फाइल फॉरमॅटमध्ये सांभाळायचं याची लेखी शिफारस मंडळापुढे ठेवायची. शिफारशीबरोबर कारणंही हवीत, असं कार्यवाहांनी बजावलं आहे. ते बरंच झालं. कारणं माहीत नसलेला ठराव पुढचं मंडळ सहज फिरवतं.

हाती आलेला ऐवज: सभांची इतिवृत्तं, दाखल नोंदवही, देणगीदारांच्या याद्या, व्याख्यानमालेचे हिशेब, दोन स्मरणिकांचे मजकूर. फॉरमॅट मात्र नाना तऱ्हेचे. जुन्या वर्डच्या ‘डॉक’ फाइली, ‘एक्सएलएस’ तक्ते, ओपनऑफिसच्या पहिल्या पिढीतल्या ‘एसएक्सडब्ल्यू’, नंतरच्या ‘ओडीटी’ आणि २००७ नंतरच्या ‘डॉकएक्स’. ज्या काळात जो लिपिक होता आणि त्याच्या संगणकावर जे होतं, त्यात लिहिलं गेलं. यात कुणाचाही दोष नाही. त्या वेळी विचारायला कुणी नव्हतं.

१२ जून

आधी ‘डॉक’चा गठ्ठा. फाइली उघडतात, पण पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. हा जुना आजार आहे. या फाइलींमध्ये मुळात मराठी नाहीच. आत रोमन अक्षरांचे संकेतांक आहेत आणि त्यांच्यावर देवनागरी आकार चढवण्याचं काम फॉन्ट करत होता. फॉन्ट गेला की मराठी गेली.

याचा इतिहास शिफारशीत यायलाच हवा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांकांचं मानक प्रसिद्ध केलं, आयएस १३१९४. युनिकोड या जगातल्या लिप्यांना संकेतांक देणाऱ्या मानकातला देवनागरीचा तक्ताही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून बेतलेला. म्हणजे मानक होतं, देशातच तयार झालं होतं. तरीही डीटीपीच्या बाजारात प्रत्येक फॉन्टवाल्याने आपली वेगळी मांडणी चालवली. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की अर्थाचा मागमूस राहत नसे. मराठी छपाईची, वर्तमानपत्रांची, सरकारी कचेऱ्यांची कितीतरी वर्षं अशी फॉन्टच्या कुलपात पडून आहेत.

हे सगळं सोसलेल्या भाषेच्या माणसांना फाइल फॉरमॅटचा वाद कोरडा वाटू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रश्न तोच आहे, फक्त एक मजला वर. अक्षराचा संकेतांक युनिकोडने ठरवून दिला. आता परिच्छेद, तक्ता, तळटीप, तारीख, बेरीज यांचे संकेत कोण ठरवणार आणि ते कुणाला वाचता येणार?

१३ जून

फॉन्टनिहाय यादी केली. रूपांतराचे तक्ते जुळवायचं काम समांतर चालू राहील. ग्रंथपाल बाईंनी मुद्रितशोधनाची जबाबदारी घेतली. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांवर विशेष नजर ठेवावी लागते. रूपांतरात तीच जागा सोडतात.

१७ जून

आज दोन फॉरमॅट शेजारी शेजारी उघडून पाहिले. एकच वाक्य, “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले”, एकदा ओडीटीत आणि एकदा डॉकएक्समध्ये साठवलं.

दोन्ही फाइली मुळात झिप केलेली पुडकी आहेत. फाइलीच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ केलं की कुठल्याही संगणकावर उघडतात. ओडीटीच्या पुडक्यात सगळ्यात वर ‘माइमटाइप’ नावाची चिमुकली फाइल असते, न दाबलेली, म्हणजे पुडकं न सोडताही आत काय आहे ते कळावं. मग ‘कंटेंट’मध्ये मजकूर, ‘स्टाइल्स’मध्ये रूप, ‘मेटा’मध्ये लेखक, तारीख वगैरे. ‘कंटेंट’ साध्या नोटपॅडमध्ये उघडलं, तर आपलं वाक्य ‘टेक्स्ट-पी’ या खुणेच्या आत मराठीत, युनिकोडमध्ये जसंच्या तसं. डॉकएक्समध्ये ‘वर्ड’ या फोल्डरात ‘डॉक्युमेंट’ नावाची फाइल. तिथेही मराठी युनिकोडमध्येच आहे, पण परिच्छेदाच्या आत ‘रन’ नावाचे तुकडे आणि तुकड्यांच्या आत मजकूर. कुणीतरी नंतर दुरुस्ती केली असेल तर वाक्य मधेच तुटून दोन-तीन रनमध्ये विभागलेलं सापडतं, कारण वर्ड प्रत्येक संपादनाच्या सत्राला एक क्रमांक देऊन तो तुकड्यावर चिकटवतो.

न्यायाने सांगायचं तर लिबरऑफिस हा मोफत, खुला ऑफिस-प्रोग्रामही ओडीटीत असे क्रमांक टाकतं आणि तिथेही वाक्याचे तुकडे होतात. दोन्हीकडे ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. तेव्हा एवढ्यावरून एक फॉरमॅट चांगला आणि दुसरा वाईट असा निकाल देता येणार नाही. दोन्हींनी जुन्या बंद ‘डॉक’च्या मानाने फार मोठं पाऊल टाकलं आहे. मजकूर उघड्या डोळ्यांनी वाचता येतो, ही गोष्ट साधी नाही.

मग या दोन फॉरमॅटांवरून जगभर भांडण झालं ते कशाचं? पुढच्या नोंदींपासून ते.

२० जून

टिपणाचा इतिहासाचा भाग लिहिला. थोडक्यात इथे.

जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन या कंपनीचं स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतलं आणि त्यातून ओपनऑफिस निघालं. त्याचा एक्सएमएल, म्हणजे खुणांनी मजकूर बांधणारा, फॉरमॅट पायाला घेऊन ओएसिस या मानकसंस्थेत २००२ च्या अखेरीस समिती बसली. मे २००५ मध्ये ओपनडॉक्युमेंट, म्हणजे ओडीएफ (ओडीटी त्यातलाच), ओएसिसचं मानक झालं आणि २००६ मध्ये आयएसओ/आयईसी २६३०० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झालं.

मायक्रोसॉफ्टने आपला नवा फॉरमॅट, ऑफिस ओपन एक्सएमएल, म्हणजे ओओएक्सएमएल (डॉकएक्स त्यातलाच), जिनिव्हातल्या एक्मा या संस्थेकडे नेला. डिसेंबर २००६ मध्ये तो एक्मा-३७६ झाला आणि लगेच फास्ट ट्रॅकने, म्हणजे झटपट मंजुरीच्या वाटेने, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेकडे गेला.

दोन्ही दस्तऐवज उतरवून घेतले. ओडीएफचं पहिलं मानक सातशेच्या आसपास पानांचं. ओओएक्सएमएलचं सहा हजारांच्या वर. पानांच्या आकड्यावरून त्या वेळी बराच वाद रंगला होता, म्हणून फरकाचं कारण नीट समजून घेतलं. ओडीएफने चित्रांसाठी एसव्हीजीकडे, गणितासाठी मॅथएमएलकडे, दुव्यांसाठी एक्सलिंककडे बोट दाखवलं. म्हणजे आधीच ठरलेली मानकं उचलली. ओओएक्सएमएलने गणिताची खूणभाषा स्वतःची, चित्रांची स्वतःची, आणि जुन्या चित्रांसाठी आणखी एक, असं सगळं नव्याने मांडलं. शिवाय बारकावे अधिक तपशिलात लिहिले, हेही खरं. ओडीएफची काही पानं सुटसुटीत नसून अपुरी होती. त्याबद्दल नंतर लिहितो.

२४ जून

ज्या कलमांवर सगळ्यात जास्त बोट ठेवलं गेलं ती आज मुळातून वाचली. एक्माच्या पहिल्या आवृत्तीत सेटिंगची काही नावं अशी आहेत: ‘ऑटो-स्पेस-लाइक-वर्ड-९५’, ‘फुटनोट-लेआउट-लाइक-डब्ल्यूडब्ल्यू-८’, ‘यूज-वर्ड-९७-लाइन-ब्रेक-रूल्स’. अर्थ सरळ आहे: इथे अंतर वर्ड ९५ सोडत असे तसं सोडा, ओळ वर्ड ९७ तोडत असे तशी तोडा. पण वर्ड ९५ अंतर कसं सोडत असे? ते लिहिलेलं नव्हतं. त्या प्रोग्रामची नक्कल करा, ते शब्दांत मांडण्याजोगं नाही, अशा आशयाचं मार्गदर्शन तिथे होतं.

मानक म्हणजे न भेटलेल्या माणसाला काम करता यावं म्हणून लिहिलेला कागद. पुण्यातल्या एखाद्या तीन माणसांच्या कंपनीने उद्या मराठीसाठी लेखन-प्रोग्राम करायचा ठरवला, तर तिला त्या कागदाबाहेर कुणाचं दार ठोठवावं लागू नये. ‘अमक्या प्रोग्रामसारखं करा’ असं म्हटलं की तो कागद त्या प्रोग्रामच्या मालकाच्या हवाली होतो. या कलमांना जगभरातून जो विरोध झाला तो माझ्या मते रास्त होता आणि उपयोगीही ठरला. पुढे या सेटिंगांची वर्णनं लिहिली गेली आणि ती ‘ट्रान्झिशनल’ या वेगळ्या भागात हलवली गेली. नव्या, स्वच्छ फाइलींसाठी ‘स्ट्रिक्ट’ नावाचा प्रकार ठरला.

त्यानंतर काय झालं तेही नोंदवतो. ऑफिस २०१० स्ट्रिक्ट वाचू शकत होतं, लिहू शकत नव्हतं. लिहिण्याची सोय २०१३ मध्ये आली. आणि आजही ‘सेव्ह’ दाबलं की जी फाइल बनते ती ट्रान्झिशनलच. ज्या अटीवर अनेकांचं समाधान झालं, ती अट रोजच्या वापरात उतरलीच नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच.

२७ जून

दाखल नोंदवही. आजचा सगळा दिवस हिच्यावर गेला आणि तो सार्थकी लागला.

आमच्याकडची सर्वांत जुनी दाखल नोंद १८९६ सालची आहे. मूळ कागदी वहीवरून ती एक्सेलमध्ये चढवलेली. तपासताना दिसलं की १९०० च्या आधीच्या तारखा सगळ्या मजकूर म्हणून टंकलेल्या आहेत, तारीख म्हणून नाहीत. म्हणून क्रमवारी लावली की १८९६ ची पुस्तकं भलत्याच जागी जाऊन बसतात.

कारण मुळातच आहे. एक्सेल तारीख साठवतं ती एक अनुक्रमांक म्हणून: १ जानेवारी १९०० म्हणजे १, पुढचा दिवस २. त्याच्या आधीची तारीखच नाही. आणि या मोजणीत ६० क्रमांकाला जो दिवस येतो तो आहे २९ फेब्रुवारी १९००. असा दिवस झालाच नाही. चारशेने भाग न जाणारं शतकवर्ष लीप नसतं, म्हणून १९०० चा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच होता. ही चूक आली लोटस १-२-३ या आधीच्या तक्त्यांच्या प्रोग्राममधून. लोटसच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच घेतली. ऐंशीच्या दशकात एका कंपनीने बाजारासाठी केलेली ती तडजोड होती, आणि ती समजण्याजोगी आहे. पण २००६ मध्ये तीच मानकाच्या मसुद्यात नियम म्हणून आली. म्हणजे जगातल्या प्रत्येक नव्या प्रोग्रामने न झालेला दिवस मोजायचा. ग्रेगोरियन पंचांगाला मानकाने दुरुस्त करायचं, हे अनेक देशांच्या समित्यांना पटलं नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. लिबरऑफिसच्या तक्त्यात १० ऑक्टोबर १८९६ ही तारीख टाकली आणि ‘ओडीएस’, म्हणजे ओडीएफच्या तक्त्याच्या फॉरमॅटमध्ये, साठवली. पुडकं सोडून ‘कंटेंट’ पाहिलं, तर ‘डेट-व्हॅल्यू’ या खुणेपुढे वर्ष, महिना, दिवस अशी सरळ तारीख: १८९६-१०-१०. आयएसओ ८६०१ ची ही पद्धत कुणाही माणसाला डोळ्याने वाचता येते. तोच तक्ता ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून साठवला, तर आत आकडा आला उणे ११७६. लिबरऑफिस ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरून मागे मोजतं, म्हणून उणे. एक्सेलमध्ये ही फाइल उघडली की त्या घरात तारखेऐवजी नुसत्या ##### अशा खुणा.

आणखी एक बारीक गोष्ट. लिबरऑफिसने शून्य एक दिवस मागे सरकवलं ते न झालेला दिवस टाळण्यासाठीच. त्यामुळे १ मार्च १९०० पासून दोन्ही प्रोग्रामांचे क्रमांक जुळतात, पण त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत एका दिवसाचा फरक राहतो. त्या दोन महिन्यांतल्या नोंदी आमच्या वहीत आहेत. त्या मूळ वहीशी ताडून पाहायला वेगळ्या काढल्या.

आयएसओतल्या चर्चेनंतर ओओएक्सएमएलमध्येही ८६०१ धर्तीच्या तारखांना जागा मिळाली. आक्षेप घेणाऱ्यांमुळे दुसरं मानकही सुधारलं, हे विसरू नये. पण रोजच्या फाइलीत अनुक्रमांकच चालतो. एकोणिसाव्या शतकातल्या तारखा असलेल्या आमच्यासारख्या संस्थेला दाखल नोंदवही ओडीएसमध्ये ठेवण्याखेरीज शहाणपणाचा पर्याय दिसत नाही. हे कारण मंडळाला एका मिनिटात पटेल, कारण पाच ##### त्यांना दाखवता येतील.

१ जुलै

पावसाने वीज गेली. बॅकअप आधी झालेला होता. बाकी काम नाही.

३ जुलै

मतदानाचा इतिहास. यात भारताची बाजू येते, म्हणून जरा सविस्तर.

आयएसओत ओओएक्सएमएल मंजूर व्हायला दोन अटी होत्या: सक्रिय सभासद देशांपैकी किमान दोनतृतीयांश बाजूने, आणि एकूण मतांपैकी विरोध एकचतुर्थांशाहून अधिक नाही. सप्टेंबर २००७ च्या पहिल्या फेरीत सक्रिय देशांची अनुकूलता ५३ टक्के भरली आणि विरोध २६ टक्के. दोन्ही अटी हुकल्या. भारतीय मानक ब्यूरोच्या समितीने चर्चा करून विरोधात मत दिलं आणि सोबत आक्षेपही पाठवले.

देशोदेशींहून आलेले आक्षेप ३,५२२. सारखे सारखे एकत्र करून एक्माने त्यांना १,०२७ उत्तरं तयार केली. ती निकालात काढायला फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात बैठक भरली, पाच दिवसांची. हजाराहून अधिक उत्तरं आणि पाच दिवस. बहुतेक उत्तरांवर चर्चा झालीच नाही, त्यांचा निकाल मतपत्रिकेवर लागला. जे सभासद तिथे बसले त्यांनी जीव ओतून काम केलं असणार, पण सहा हजार पानांच्या मानकाला हा वेळ कुठल्याही हिशेबाने पुरणारा नव्हता. फास्ट ट्रॅक ही वाट आधीच मुरलेल्या, वापरून पारखलेल्या मानकांसाठी आहे. एवढं मोठं आणि नवं मानक त्या वाटेने न्यायलाच नको होतं, असं माझं मत आहे.

मार्च २००८ च्या अखेरीस दुसरी फेरी संपली: सक्रिय देशांपैकी ७५ टक्के बाजूने, एकूण विरोध १४ टक्के. मानक मंजूर, क्रमांक आयएसओ/आयईसी २९५००. भारताने आपलं मत बदललं नाही. नाही ते नाहीच. पुढे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या चार देशांनी अपील केलं. ऑगस्ट २००८ मध्ये ते फेटाळलं गेलं.

मधल्या काळात काही देशांत मतदानावरूनच वादळ उठलं. स्वीडनच्या मानकसंस्थेने २००७ मधलं आपलं मत रद्द केलं, कारण एका सभासदाने एकाहून अधिक मतं दिल्याचं आढळलं. नॉर्वेत समितीतल्या बहुतेकांचा विरोध असूनही देशाचं मत बाजूने गेलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये १३ सभासदांनी समिती सोडली.

भारताचं ‘नाही’ मला अभिमानाचं वाटतं. मतदान हरलो तरी समितीत बसलेल्या माणसांनी पानं वाचली, आक्षेप लिहिले आणि दबावाच्या काळात मत टिकवलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. त्यात एका कामाला एकच मानक आणि तेही रॉयल्टीमुक्त, ही दिशा धरली आहे. त्या धोरणाची मुळं या वादात आहेत, असं मला वाटतं.

७ जुलै

ओडीएफच्या उणिवा लिहायला आजचा दिवस ठेवला होता. एकाच बाजूचं टिपण मंडळापुढे न्यायचं नाही.

पहिली उणीव मोठी होती. ओडीएफच्या १.० आणि १.१ या आवृत्त्यांत तक्त्यातली सूत्रं कशी लिहायची हेच ठरवलेलं नव्हतं. ‘सम’ म्हणजे काय, रिकामं घर शून्य धरायचं का, तारखांची वजाबाकी कशी, यातलं काही नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या रीतीने सूत्र लिहीत असे. परिणाम २००९ मध्ये दिसला. ऑफिस २००७ ला दुसऱ्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे सुधारणांच्या संचाने, ओडीएफ वाचायची सोय दिली, पण इतर प्रोग्रामांत बनलेला तक्ता त्यात उघडला की शेवटची उत्तरं राहत आणि सूत्रं गळून पडत. बेरजेचा आकडा दिसतो, पण वरची रक्कम बदलली तर खालची हलत नाही. हिशेबाच्या कागदासाठी याहून धोकादायक काय असेल? दोन्ही बाजू एकमेकांना दोष देत राहिल्या. मुळात मानकात ते पान असायला हवं होतं. ओपनफॉर्म्युला नावाने ते २०११ मध्ये ओडीएफ १.२ बरोबर आलं आणि २०१५ मध्ये १.२ आयएसओत गेलं.

आमच्याकडे व्याख्यानमालेचे दोन ओडीएस तक्ते त्या मधल्या काळातले आहेत. त्यांची सूत्रं एकेक करून तपासली. ठीक आहेत, कारण ते आयुष्यभर एकाच प्रोग्रामात राहिले. नव्या आवृत्तीत साठवून घेतले.

दुसरी उणीव अंध वापरकर्त्यांच्या बाबतीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सप्टेंबर २००५ मध्ये सरकारी कागदपत्रांसाठी ओडीएफ निवडलं, तेव्हा सर्वांत वजनदार आक्षेप अपंग कर्मचाऱ्यांच्या संघटनांकडून आला. त्यांची वाचक-साधनं वर्डबरोबर चालत होती, ओडीएफ प्रोग्रामांबरोबर नाही. फेब्रुवारी २००७ मधली ओडीएफ १.१ ही आवृत्ती मुख्यतः या सुधारणांसाठीच निघाली. त्याच वर्षी त्या राज्याने ओओएक्सएमएललाही मान्यता दिली. आमच्या वाचनालयात अंध वाचक नियमित येतात. फाइलीतल्या चित्रांना पर्यायी मजकूर आणि शीर्षकांना शीर्षकाचीच स्टाइल, हा नियम रूपांतराच्या कामात आजपासून सक्तीचा केला.

१० जुलै

मंडळातल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांना मसुदा दाखवला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी रोखठोक विचारलं, “सगळं जग वर्डमध्ये लिहितं. तुम्ही आम्हाला जगावेगळं का करता?”

प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही. ओओएक्सएमएलच्या बाजूचा खरा युक्तिवाद हाच होता: जगात अगणित जुन्या वर्ड आणि एक्सेल फाइली पडून आहेत, त्यांचं रूप न बिघडवता नव्या उघड्या फॉरमॅटमध्ये यावं, तर त्या फॉरमॅटमध्ये जुन्या प्रोग्रामांच्या सगळ्या सवयींना जागा हवी. एक्माच्या त्या समितीत ब्रिटिश लायब्ररी बसली होती ती याच काळजीपोटी. ग्रंथालयवाल्यांना जुना कागद जपायचा असतो. ही बाजू मला पूर्ण समजते.

त्यांना म्हटलं, “सर, मिरजेला तुमच्या काळी तीन गेज होते ना?” ते हसले. ब्रॉड, मीटर आणि नॅरो. प्रत्येक गेजला त्याचं कारण होतं, इतिहास होता. आणि माल मात्र हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जायचा. फुटतूट मालवाल्याची. फॉरमॅटचंही तसंच झालं. दोन आयएसओ मानकं झाली, दोन्हींची पुरस्कर्ती मंडळी निवडस्वातंत्र्याची भाषा बोलली, आणि फाइल एकातून दुसऱ्यात नेताना जे सांडतं ते भरून काढायचं काम टोकाला बसलेल्या माणसाच्या गळ्यात पडलं. इंग्रजीत ते कमी सांडतं, कारण तपासणारे हात जास्त. मराठीत, कोकणीत, संताळीत जास्त सांडतं. एका कामाला एक मानक असावं असं मी धरून बसतो ते एवढ्यासाठीच. ते पूर्ण लिहिलेलं असावं आणि कुणालाही त्यावरून प्रोग्राम बांधता यावा. भाषा जितकी लहान, तितकी तिला याची गरज मोठी.

शिवाय जगावेगळंही काही नाही. ब्रिटनच्या सरकारने जुलै २०१४ मध्ये ठरवलं की संपादन करायच्या कागदपत्रांची देवघेव ओडीएफमध्ये आणि नुसत्या वाचायच्या कागदांसाठी पीडीएफ किंवा एचटीएमएल. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. आणि वर्ड स्वतः ओडीटी उघडतं, साठवतं.

त्यांचं समाधान झालं असं वाटलं. जाताना म्हणाले, “जुन्या फाइली मात्र फेकू नका.” ही सूचना शिफारशीत जशीच्या तशी घेतली.

१५ जुलै

सांडतं म्हणजे काय, याचा नमुना आज हाती लागला. एका सहकाऱ्याने इतिवृत्तं एका छोट्या प्रोग्रामने डॉकएक्समध्ये ओतली. अक्षराचा आकार १४ सांगितला होता. इंग्रजी अक्षरं १४ ची आली, मराठी बारीकच राहिली.

दोन्ही मानकांत अक्षराच्या रूपाचे तीन खण आहेत: एक रोमनसारख्या लिप्यांचा, एक चिनी-जपानी-कोरियनचा आणि एक ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांचा, ज्यात अरबी, हिब्रू, थाई आणि आपली देवनागरी येते. डॉकएक्समध्ये साधा आकार ‘एसझेड’मध्ये आणि कॉम्प्लेक्सचा ‘एसझेड-सीएस’मध्ये. ठळकपणाचेही दोन. फॉन्टच्या नावाला पुन्हा वेगळा खण. ओडीटीतही तसंच, ‘फॉन्ट-साइझ’ वेगळा आणि ‘फॉन्ट-साइझ-कॉम्प्लेक्स’ वेगळा. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने पहिलाच खण भरला होता. ‘एसझेड-सीएस’ आणि फॉन्टचं ‘सीएस’ भरल्यावर मराठी जागेवर आली. भाषेच्या खुणेतही मराठी आणि भारत ही जोडी घातली, म्हणजे शुद्धलेखन तपासणी हिंदीची लागणार नाही.

ही खणांची वाटणी दोन्हीकडे लिहून ठेवलेली आहे. ती वाचून अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. बंद फॉरमॅटच्या जमान्यात हेच काम अंदाजाने करावं लागलं असतं.

२१ जुलै

शिफारस पूर्ण झाली. मुद्दे असे:

संपादन करायच्या सगळ्या कागदांची मूळ प्रत ओडीटी आणि ओडीएसमध्ये, युनिकोडमध्ये. दाखल नोंदवहीसाठी हे अनिवार्य. मंजूर झालेली इतिवृत्तं आणि लेखापरीक्षित हिशेब पीडीएफ/ए या दीर्घकाळ जपण्यासाठीच्या पीडीएफमध्येही, कारण ते नंतर बदलायचे नाहीत आणि फॉन्ट फाइलीतच बसलेला हवा. पीडीएफ/ए २००५ पासून आयएसओ १९००५ हे मानक आहे. बाहेरच्या कचेऱ्यांनी डॉकएक्स मागितलं तर ते द्यायचं, पण मूळ प्रतीवरून तयार करून, त्याला मूळ न मानता. जुन्या डॉक आणि एक्सएलएस फाइली हात न लावता वेगळ्या ठेवायच्या. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००८ मध्ये या जुन्या फॉरमॅटची वर्णनं खुली केली, त्यामुळे त्या पुढेही उघडतील असा भरवसा ठेवता येतो. त्यांच्याबरोबर त्यांचे फॉन्ट आणि रूपांतराचे तक्तेही.

२५ जुलै

मंडळाची सभा झाली. उणे ११७६ आणि ##### पडद्यावर दाखवले. खजिनदारांनी सूत्रांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि चांगले विचारले: हिशेबाचा तक्ता दुसऱ्या प्रोग्रामात उघडून एकदा आकडा बदलून पाहिल्याशिवाय तो तपासला असं म्हणू नये, अशी ओळ त्यांच्या आग्रहावरून ठरावात आली. ठराव एकमताने मंजूर.

पुढचं काम: श्री-लिपी या जुन्या फॉन्टपद्धतीतल्या दोन्ही स्मरणिका. पहिलीचा तक्ता तयार आहे. दुसरीत संस्कृत श्लोक आहेत आणि त्यातल्या जोडाक्षरांना वेगळे संकेतांक वापरलेले दिसतात. ग्रंथपाल बाई सोमवारी मूळ छापील प्रत घेऊन येणार आहेत.